म्यानातला गंज

साखरेचा डबा काढायला ताइमीने फडताळ उघडलं, तर डब्यापुढे सुरी. जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली आणि मोज्याच्या फाटक्या टाचेतून पितळेचं घोड्याचं डोकं बाहेर काढून बसलेली. ताइमीने ती बाजूला सारली, साखर काढली आणि फडताळाचं दार गरजेपेक्षा जोरात लावलं.

"काय झालं गं?" पाव भाजायच्या भट्टीजवळ बसून बटाटे सोलणाऱ्या नणंदेने, लेम्पीने विचारलं.

"काही नाही. तुझ्या भावाने साखरेला पहारेकरी नेमलाय."

लेम्पी हसली नाही. सुरीवरच्या विनोदाला हाकाला घराण्यातली माणसं सहसा हसत नसत. पणज्याने एका लग्नात वधूच्या भावावर सुरी उपसली होती, ती गोष्ट मात्र ते दर नाताळला हसत हसत सांगत. त्या भावाचे वंशज नदीपलीकडे राहत होते. ते अजून हसत नव्हते.

ताइमी या घरात सून म्हणून आली तेव्हा तिच्या नवऱ्याकडे, याल्मारीकडे दोनच पुक्को होत्या, पट्ट्याला लावायच्या सुऱ्या. एक रोजच्या कामाची, दुसरी चर्चला जाताना पट्ट्याला लावायची. दोन्ही दारामागच्या खुंटीवर असत. सरळ, न मिटणाऱ्या पात्याच्या. मिटणाऱ्या सुरीला तो सुरी मानतच नसे. "कमरेत मोडलेला माणूस आणि कमरेत मोडणारी सुरी, दोघांवर भार टाकू नये," असं म्हणायचा. मग खुंटीच्या दोन खुंट्या झाल्या, खुंट्यांची फळी झाली, फळीवरून सुऱ्या खणात उतरल्या, खणातून कपड्यांच्या कपाटात शिरल्या. शेवटी मुलीच्या, तूलिक्कीच्या लग्नात पाहुण्यांच्या गाद्या घालायच्या म्हणून भट्टीमागच्या खोलीतला ताइमीचा विणायचा माग सोडवून कोठाराच्या आढ्याला टांगला. लग्न झालं, पाहुणे गेले. माग परत यायच्या आत याल्मारीने त्या खोलीत एक फळी ठोकली होती.

"तात्पुरती आहे," तो म्हणाला होता.

पुढे तूलिक्कीचा घटस्फोटही झाला. फळी तिथेच होती. आता तर चारही भिंतींना फळ्या होत्या, आणि मधोमध पसरट खणांचं एक कपाट.

भांडावं तर भांडताही येत नसे. याल्मारी कशालाच नाही म्हणत नसे. "बघू," म्हणायचा. ताइमीचं निम्मं आयुष्य त्या 'बघू'मध्ये गेलं होतं. म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सेइनायोकीच्या इस्पितळात गेला आणि तिथून व्यायामासाठी त्याला ठेवून घेतलं, तेव्हा तिने ठरवलं की तो परत यायच्या आत खोली रिकामी करायची. मंगळवारी तो येणार होता. आज रविवार. मुलांना तिने जेवायला बोलावलं होतं आणि फोनवर कारणही सांगून टाकलं होतं. सकाळी उठल्यावर तिची बोटं हल्ली आखडलेली असत, मूठ वळायला वेळ लागे. सतरंज्या विणायला चिंध्यांच्या पट्ट्या कापून भरलेली पोती कोठारात पडून होती. हे हात अजून ऐकतायत तोवर तिला विणायचं होतं. एवढंच हवं होतं तिला, आणि एवढं मागायला सगळं गणगोत गोळा करावं लागत होतं.

एस्को आला तोच बूट काढता काढता बोलत. "आई, तू नुसतं सांग कुठे न्यायचं. पोटमाळ्यावर टाकतो सगळं. जेवायच्या आत संपवू."

त्याची बायको रायली त्याच्यामागून आली, बूट नीट जोडून ठेवत. तिच्या हातात केकचा डबा होता. "पोटमाळ्यावर कशाला?" ती म्हणाली. "अंगणातली जुनी लाकडी कोठी रिकामीच आहे की. तिला कुलूपही लागतं. उन्हाळ्यात आमची मुलं इथे येतात, ताइमी, आणि तुमच्या घरात ज्या खणात हात घालावा तिथे पातं."

"आमची मुलं हाकाला आहेत," एस्को म्हणाला. "त्यांना पातं कळतं."

"धाकट्याच्या अंगठ्याला विचार."

तूलिक्की सगळ्यात शेवटी आली. ती गावच्या शाळेत इतिहास शिकवायची आणि घरातही थोडी शिकवल्यासारखीच बोलायची. "पोटमाळा नको, कोठी नको," तिने कोट टांगता टांगताच सांगितलं. "हा ठेवा आहे. शाळेच्या दालनात काचेचं मोठं कपाट मिळतंय. मी मुख्याध्यापकांशी बोललेय. दक्षिणेकडची खिडकी आहे, छान उजेड पडतो. लोकांना दिसेल तरी."

"बाबांना विचारलंस?" एस्को.

"तू विचारलंस?"

"कॉफी झालीय," ताइमी म्हणाली.

कोणी उठलं नाही. या भागात पहिल्या हाकेला कॉफीच्या टेबलाशी जाणारा माणूस हावरट समजला जातो, मग तो पोटचा मुलगा का असेना. ताइमीने दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना आवाज चढला, तेव्हा सगळे एकदम उठले आणि वेलदोड्याच्या गोड पावाभोवती बसले.

पहिला कप शांततेत गेला. दुसऱ्या कपाला एस्को म्हणाला, "काही म्हणा, पण दोष आईचाही आहे. पहिल्यांदा फळी ठोकली तेव्हाच उखडायची."

"मी?" ताइमी म्हणाली.

"दोष तुझा आहे, एस्को," तूलिक्कीने मध्येच घेतलं. "बाबांच्या साठीला ती गाठीच्या भूर्जाच्या मुठीची कोणी दिली? त्याच्यानंतर ते जे सुटले ते सुटले."

"आणि निवृत्तीला तू काय दिलंस? फुलं? रेनडियरच्या शिंगाची मूठ होती, मला आठवतंय. नाताळला दुसरी दिलीस."

"बाबांना दुसरं काय देणार? तूच सांग ना."

"मागे मी स्वेटर दिला होता," रायली म्हणाली.

"त्यात आता लापुआ गावची जोडसुरी असते," ताइमीने सांगितलं. "बाही छान बसलीय तिला."

रायलीने कप बशीत ठेवला. "म्हणजे एकूण असं. घरात जागा नाही म्हणून आपण इथे बसलोय, आणि एकेक सुरी आपणच आणून दिलेली आहे. मग निदान पुढे तरी बंद करा. एस्को, त्या लोहाराला उद्या फोन कर आणि सांग की नको."



"कुठल्या लोहाराला?" ताइमीने विचारलं.

एस्कोने बायकोकडे असं पाहिलं की पणज्याची आठवण व्हावी. "बाबांची सत्तरी आहे ना पुढच्या महिन्यात," तो पुटपुटला. "सत्तरी काही रोज येत नाही."

"कमाल आहे!" तूलिक्की म्हणाली. "संग्रह आवरायला आलाय आणि खिशात—" आणि ती थांबली. तिच्या गळ्याजवळ लाली चढायला लागली. लहानपणापासून तिला खोटं लपवता येत नसे.

"तू पण?" एस्को ओरडला. "तू पण!"

"माझी छोटी आहे. मासे साफ करायची."

"लेम्पी आत्या?"

लेम्पीने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "भाऊ आहे माझा," ती म्हणाली. "सख्खा."

ताइमीला हसावं की रडावं तेही कळेना. तिने किटली उचलली आणि ज्यांचे कप भरलेले होते त्यांच्याही कपात ओतायला लागली. ओतताना तिने कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. कारण जूनमध्ये गावच्या सुऱ्यांच्या जत्रेत एका तरुण लोहारापाशी थांबून तीही बोलून आली होती. भूर्जाच्या सालीची मूठ, पातं तळहाताएवढं लांब. सत्तरी काही रोज येत नाही, असाच विचार तिनेही केला होता. ती गोष्ट तिने पोटात ठेवली आणि त्यामुळे तिचा राग आणखीच वाढला.

"खोली," ती म्हणाली. "आपण खोलीबद्दल बोलत होतो."

"खोलीचं म्हणशील तर," लेम्पी म्हणाली, "मी ती आवरूनच ठेवलीय."

ताइमीने किटली खाली ठेवली. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. याल्मारीला तिकडे सोडून आलो त्याच आठवड्यात. तू माझ्यासाठी पलंग लावत होतीस तेव्हा मी आत डोकावले. बाई गं! सगळी पाती उघडी! खणात एकाशेजारी एक निजवलेली, अंगावर काही नाही, आणि म्यानं बिचारी भिंतीवर रिकामी लटकलेली. आमचे बाबा असते तर कानाखाली ओढली असती याल्मारीच्या. मी सगळी पाती ओल्या फडक्याने पुसली आणि एकूण एक सुरी म्यानात घातली. आता उचलायलाही सोपं झालंय. कोणाला लागायचं नाही."

ती अभिमानाने सगळ्यांकडे बघत होती. एस्को मान डोलावत होता. तूलिक्कीही. हाकालांच्या घरात चालायला लागलेलं पोर दुसरी गोष्ट शिके ती हीच: काम झालं की पातं म्यानात. उघडी सुरी टेबलावर ठेवून उठणारा माणूस एक तर दारुडा किंवा परगावचा.

ताइमी मात्र उठून उभी राहिली होती. त्या खोलीबद्दलची प्रवचनं इतकी वर्षं तिला जेवताना, निजताना आणि सौनाच्या वाफेत बसल्यावरही ऐकावी लागली होती. त्यातलं आपल्याला काही कळतं असं तिला कधी वाटलं नव्हतं. आता एकदम सगळं आठवलं.

"ओल्या फडक्याने?" तिने विचारलं.

"धूळ होती."

ताइमी भट्टीमागच्या खोलीकडे गेली. दार उघडलं तसा थंड, कुबट वास आला. ही खोली घरातली सगळ्यात कोरडी. हिची एक भिंत म्हणजे भट्टीची पाठच होती. पण याल्मारी गेल्यापासून ताइमीने भट्टी पेटवली नव्हती. पाव दुकानातून आणला होता. दोघी बायकांपुरती कशाला एवढी लाकडं जाळायची, असं ती लेम्पीला म्हणाली होती. खरं म्हणजे त्या खोलीला ऊब पुरवायचा तिला वीट आला होता. बाहेर सबंध ऑगस्ट पाऊस, आणि आता अर्धा सप्टेंबरही.

तिने हाताला येईल ती पहिली सुरी उचलली आणि ओढली. सुरी निघेना. तिने जोर लावला. चामड्यातून करकरत पातं बाहेर आलं, टोकापासून मध्यापर्यंत तपकिरी ठिपक्यांनी भरलेलं, आणि मुठीजवळच्या पितळेवर हिरवट शेवाळासारखं काहीतरी धरलेलं.

दारात चौघं गोळा झाली होती. 

"कातडं कमावताना त्यात क्षार राहतात," ताइमी म्हणाली. आपल्या तोंडून याल्मारी बोलतोय असं तिला वाटलं आणि त्याचाही राग आला. "ते हवेतलं पाणी पितं. कमरेला रोज वापरातली सुरी असेल तर चालतं. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर पातं वेगळं, म्यान वेगळं. तेलाचं बोट फिरवून, कोरड्यात."

"मग त्याने सांगायला नको?" लेम्पीचा आवाज बारीक झाला होता.

"मला सांगितलं. एकटीलाच. हजारदा."

एस्कोने दुसरी ओढली, तिसरी ओढली. "अगं आत्या, काय करून ठेवलंस हे!" तो ओरडला. "ही आजोबांच्या हातची आहे! आणि ही तर हिच्या म्यानातही नाही! हे म्यान त्या रुंद पात्याचं आहे. कोंबलीयस तू! सगळ्यांची अदलाबदल करून ठेवलीयस!"

"बसली ती घातली," लेम्पी म्हणाली. तिची हनुवटी हलायला लागली.

"आवाज खाली," ताइमी एस्कोला म्हणाली. "तूही मान डोलवत होतास आत्ता. तिने तेच केलं जे तुम्हा सगळ्यांना चापट्या मारून शिकवलंय. आणि भट्टी मी विझवली. आता ओरडणं पुरे. सगळं मोठ्या टेबलावर आणा. रायली, माझ्या शिवणयंत्राचं तेल खिडकीत आहे. तूलिक्की, भट्टीतली राख चाळणीने चाळ. आणि बाटल्यांची बुचं बघा."

जेवण राहिलं. बटाटे पातेल्यात थंड झाले. टेबलावर जुनी चादर पसरली आणि त्यावर सुऱ्या येत राहिल्या. कपाटातल्या, खणातल्या, पलंगाखालच्या ट्रंकेतल्या. टेबल भरलं तेव्हा बाकांवर ठेवल्या. आपल्या घरात किती आहेत हे ताइमीने पहिल्यांदाच असं उघड्यावर पाहिलं. भट्टी पेटवली होती; लाकडं तडतडत होती. बुचाच्या तुकड्यावर तेल, तेलावर राख, आणि मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने.

"आडवं घासू नकोस," ताइमी एस्कोला म्हणाली.

"आई, तुला हे सगळं येतं कसं?"

"शेजारी झोपते ना मी त्याच्या."

घासता घासता बोलणं सुरू झालं. रायलीने एक पातं उजेडात धरलं. "आमची कोठीची कल्पना मी मागे घेते," ती म्हणाली. "तिथे तर पीठही घट्ट होतं."

"पोटमाळ्यावर दर मार्चमध्ये छताच्या खिळ्यांवरचं गोठलेलं दव वितळून गळतं," एस्कोने कबूल केलं. "तिथे तर यांची माती होईल."

सगळ्यांनी तूलिक्कीकडे पाहिलं.

"काचेचं कपाट कोरडं आहे," ती म्हणाली.

"दक्षिणेकडची खिडकी म्हणालीस," ताइमी म्हणाली. "तुझ्या बाबांनी एक मूठ स्वयंपाकघराच्या खिडकीत विसरली होती एका उन्हाळ्यात. भूर्जाची. उभी तडकली."

तूलिक्की बूच राखेत टेकवू लागली. ताइमी तिच्या हातांकडे बघत राहिली. एकामागून एक जागा बाद होत होत्या, आणि त्या कशाने बाद होतात हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. माळा नाही, कोठी नाही, शाळा नाही. उत्तरेच्या झोपायच्या खोलीत तर भिंतींना पाणी सुटायचं. राहता राहिली भट्टीमागची खोली. इतकं सरळ होतं ते. नवरा घरात नसताना, त्याच्याविरुद्ध बोलावलेल्या बैठकीत, तिने स्वतःच त्याचा खटला जिंकून दिला होता.

"आई, तुझा माग तिथे..." तूलिक्की हळूच म्हणाली.

"मला माहीत आहे कुठे आहे माझा माग."

"नाही, म्हणजे, सुताचा ताणा तिथे तुटायचाच ना? तूच म्हणायचीस. भट्टीच्या भिंतीने सूत वाळतं आणि ताणा तुटतो."

"तुटायचा," ताइमी म्हणाली. "मी जोडायचे. दुसरी जागा दिलीच कोणी होती मला?"

लेम्पी इतका वेळ आपल्या वडिलांच्या हातची सुरी घासत होती. डोळे पुसायला हात वर नेई आणि काजळीची आणखी एक रेघ गालावर उमटे. "आमच्या आईचा माग माजघरात असायचा," ती खाली मान घालून म्हणाली. "नाताळ संपला की आणायचे आत. खिडकीपाशी. बाबा कुरकुरायचे की चालायला जागा नाही. आई म्हणायची, मग बसून राहा."

अंगणात गाडी वाजली.

"रविवारी कोण आलं?" एस्को खिडकीशी गेला. "अरे देवा. टॅक्सी आहे. बाबा!"

कोणालाच काही लपवणं सुचलं नाही. लपवणार तरी काय आणि कुठे. काठीचा आवाज पायऱ्यांवर आला, मग ओसरीत, मग दार उघडलं. याल्मारी बारीक झाला होता. त्याने टोपी काढली आणि दारातच उभा राहिला.

"दोन दिवस आधी सोडलं," तो म्हणाला. "तिथल्या बायका कंटाळल्या मला." आणि मग त्याने टेबल पाहिलं.

तो काठी टेकत पुढे आला. एक पातं उचललं, खिडकीकडे वळवलं. दुसरं उचललं. पात्यावरून हळूच अंगठा फिरवला.

"कोण आडवं घासलंय?" त्याने विचारलं.

"मी," एस्को म्हणाला. "आईने सांगायच्या आधी."

"म्यानात मी घातल्या, याल्मारी," लेम्पी उठून म्हणाली. "सगळ्या. मला वाटलं..." 

याल्मारीने बहिणीच्या गालांवरच्या काळ्या रेघा पाहिल्या. तो बाकावर टेकला, दुखरा पाय पुढे पसरून. "बस," तो म्हणाला. "माझ्या पहिल्या सगळ्या अशाच गेल्या. म्यानात घालून ट्रंकेत. बाबांनी शिकवलं तसं." त्याने गुडघा चोळला. "त्यांनी एकच सुरी बाळगली जन्मभर. त्यांना काय ठाऊक."

लेम्पी रडायला लागली, पण आता ते निराळं रडणं होतं. तूलिक्कीने तिच्यापुढे कप सरकवला. खोलीत सगळ्यांचेच खांदे सैल झाले. एस्कोने बाबांना कोटातून बाहेर काढलं, आणि कोटाच्या आतल्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबट काहीतरी खाली पडता पडता राहिलं.

"हे काय?" ताइमीने विचारलं.

याल्मारीने ते हळूच काढून घेतलं. "शेजारच्या खाटेवरचा. ह्यार्मा गावचा म्हातारा. त्याने दिली."

"का?"

"त्याची मुलं मिटणाऱ्या वापरतात."

खरं तर वाईटच वाटलं ताइमीला, त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचं. याल्मारीने कागद सोडला, पातं टेबलावर इतरांच्या रांगेत ठेवलं आणि सबंध टेबलावरून नजर फिरवली, मेंढपाळ कळपावरून फिरवतो तशी.

"वाचतील बहुतेक," तो म्हणाला. "पण यापुढे इतक्या जवळजवळ ठेवून चालायचं नाही. हवा खेळली पाहिजे. मी तिथे पडल्या पडल्या विचार करत होतो. उत्तरेच्या खोलीत एक हीटर बसवला, तर तीही—"

"नाही," ताइमी म्हणाली.

"नुसतं म्हणतोय. बघू."

"बघायचं नाही आता. मी बघितलंय." तिने हातातलं बूच टेबलावर ठेवलं. तिचा आवाज वर गेला नव्हता, पण एस्को पाव चघळता चघळता थांबला. "भट्टीमागची खोली तुझी. ठेव तिथे, मावतील तेवढ्या. नाही मावल्या तर कोणाला दे, मुलांना वाट, काय वाटेल ते कर. भट्टी मी पेटती ठेवीन. पण साखरेच्या फडताळात नको, स्वेटरमध्ये नको, पलंगाखाली नको. आणि माझा माग इथे येणार."

"इथे कुठे?" याल्मारीने विचारलं.

"इथे. माजघरात. खिडकीपाशी."

"आई, माजघरात?" एस्को म्हणाला. "टीव्ही कुठे जाईल?"

"सोफा?" तूलिक्की.

"आणि नाताळात आम्ही सगळे बसायचं कुठे?" एस्कोने हात पसरले. "माग म्हणजे काय पाट आहे? अर्धी खोली जाईल! वर दिवसभर ती धडधड!"

"धडधड होईल," ताइमी म्हणाली. "आजवर एवढं आवाज न करता झालं, तर काय मिळालं मला?"

"बरोबर आहे," रायली म्हणाली. नवऱ्याने पाहिलं तर ती पुन्हा, आणखी स्पष्ट म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं."

"कधी?" तूलिक्कीने विचारलं. "नाताळनंतर?"

"आज. एस्को आहे, तूलिक्की आहे. मागाच्या तुळया उतरवायला चार हात पुरतात. आणि हे नाताळपुरतं नाही. उन्हाळ्यातही इथेच राहील."

आता सगळे याल्मारीकडे बघत होते. तो काहीतरी म्हणेल, असं एस्कोच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. काय म्हणेल तेही सगळ्यांना ठाऊक होतं. तो एक शब्द घरातल्या प्रत्येकाने त्याच्या तोंडून ऐकला होता. ताइमीही वाट बघत होती. तो शब्द आज आला, तर आपण काय करू हे तिलाच ठाऊक नव्हतं. बहुधा बहिणीकडे जाऊ. पोती घेऊन.

याल्मारीने तोंड उघडलं. बंद केलं. काठी घेतली, बाकाचा आधार घेऊन उठला आणि खिडकीकडे चालायला लागला. तिथे त्याची डोलखुर्ची होती. त्याची जागा. सकाळचं वर्तमानपत्र, संध्याकाळच्या बातम्या, तेलाचं बोट फिरवणं, सगळं तिथेच, घरातल्या सगळ्यात चांगल्या उजेडात. त्याने एका हाताने खुर्चीची पाठ धरली आणि ओढली.

खुर्ची जड होती. एस्को पुढे झाला.

"राहू दे," ताइमी म्हणाली. "ओढू दे त्याला."

लाकडी जमिनीवर करकरत खुर्ची वीतभर सरकली. याल्मारीने दम घेतला. वळून पाहिलं.

"पुरे?"

"मागाची लांबी विसरलास का? सरक."

त्याने पुन्हा ओढली. दुखरा पाय फरफटत होता. कपाळावर घाम आला होता. रायलीने तोंडावर हात ठेवला होता, हसू दाबायला की काय कोण जाणे.

"आता?"

"अजून."

खुर्ची सोफ्याला वळसा घालून टेबलाच्या कडेने गेली, तेल पुसलेल्या पात्यांच्या बाजूने, आणि शेवटी ठक्क करून टेकली.

"ताइमी," याल्मारी धापा टाकत म्हणाला, "पुढे भट्टी आहे."

"असू दे. ऊब लागेल गुडघ्याला," ती म्हणाली, आणि एस्कोकडे कोठाराची किल्ली फेकली.